स्मृतिदौर्बल्य नव्हे, स्मृतीचे धूसर होणे

“काही लक्षात राहत नाही, डोक्यासाठी काहीतरी द्या,” असे म्हणत नायगाव परिसरातील रुग्ण चिकित्सालयात वा औषधालयात येतो आणि बहुधा ब्राह्मी किंवा शंखपुष्पी घेऊन परततो. एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मार्क विल्यम्स व कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ साली आत्मघाताचा प्रयत्न केलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखादा शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील एक नेमका प्रसंग विचारला असता, हे रुग्ण प्रसंगाऐवजी ‘नेहमी असेच घडते’ अशा स्वरूपाची सर्वसाधारण उत्तरे देत. पुढे विषादाच्या रुग्णांतही हेच आढळले. तेच ते दुःख घोळविणे आणि क्लेशकारक तपशील टाळणे यांमुळे मेंदूतील प्रसंगाचा शोध अर्ध्यावरच थांबतो, असे विल्यम्स यांचे प्रतिपादन आहे. पूर्वी संकटातून कसे निभावलो हेच आठवेनासे झाले, म्हणजे पुढचा मार्गही दिसेनासा होतो. कर्ज व नापिकी यांनी खचलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत हा धोका किती मोठा, हे मराठवाड्यात सांगावयास नको.

याउलट, काही आठवणी न बोलावता येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो गणेशविसर्जनानंतरच्या रात्री. अशा आपत्तीतून वाचलेल्याला साध्या गडगडाटानेही तो क्षण पुन्हा भोगावा लागू शकतो. चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे सांगताना सादृश्याची गणना केली आहे, आणि उन्मादाच्या वर्णनात स्मृतीच्या विभ्रमाचा समावेश केला आहे. स्मृती नष्ट होणे आणि ती भ्रष्ट होणे यांतील भेद आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. विसर पडला आहे तो व्यवहारात.

म्हणून आमचा आग्रह असा : वैद्यांनी प्रश्नपरीक्षेत झोप, भूक, उत्साह यांबरोबरच अलीकडचा एखादा बरा प्रसंग तपशिलाने सांगावयास लावावा. उत्तर धूसर आले तरी तेवढ्यावरून निदान करू नये. परंतु मरणाचे विचार येतात का, हे निःसंकोच विचारावे. येत असतील तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, घरच्यांना विश्वासात घ्यावे व ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तज्ज्ञाची चालू औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होऊ देऊ नयेत. औषधविक्रेत्यांनीही वारंवार ‘स्मृतिवर्धक’ मागणाऱ्या ग्राहकास आधी वैद्याकडे धाडावे.

एक बाटली कमी विकली गेली तरी चालेल. एक माणूस वाचला पाहिजे.