वणवा आपोआप लागत नाही

संपादक महोदय,

टेकडीवरच्या वणव्याची आपली बातमी आणि तिच्यावर परवा छापून आलेली दोन्ही पत्रे वाचली. एका पत्रलेखकांनी वनखात्याने गस्त वाढवावी असे सुचवले आहे. वाढवावी, माझी ना नाही. दुसऱ्यांनी मात्र यंदाच्या उन्हात गवताने आपोआप पेट घेतला असा शोध लावला आहे. पुण्याचा पारा चढून चढून चाळीस-बेचाळीसपर्यंत जातो. वाळलेले गवत पेटायला दोनशे अंशांहूनही जास्त उष्णता लागते. गच्चीवर दिवसभर पापड वाळतात. त्यांच्याखालचा कागद पेटल्याचे कधी कोणी ऐकले आहे का?

राहिली वीज. आपल्याकडे विजा कडाडतात त्या वळवाच्या दिवसांत, आणि बहुतेकदा मागोमाग पाऊसही येतो. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र आकाशातून काय पडणार? वाऱ्याने फांदीवर फांदी घासून आग लागते, हेही लोक ठासून सांगतात. आमच्या टेकडीवर निम्मी झाडे गिरिपुष्पाची. त्यांच्या ओल्या फांद्या काडी लावूनही पटकन धरत नाहीत.

मग उरतो माणूस. आणि माणूस म्हटले की लगेच बोट दाखवले जाते गुराख्याकडे आणि मावळातल्या शेतकऱ्याकडे. जुने गवत जाळले की नवे जोमाने येते ही समजूत डोंगरात आहे, राब भाजताना आग हाताबाहेर जाते हेही खरे. ते थांबलेच पाहिजे. पण वेताळ टेकडीवर कोण राब भाजते? तळजाईवर कोणाची भाताची खाचरे आहेत? तिथे येतो तो आपल्यासारखाच शहरी माणूस. चांगल्या बुटांतला, पाठीवर पिशवी, खिशात सिगारेटचे पाकीट. तीन दगड मांडून कोंबडी भाजणारा. मित्राच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता टेकडीच्या माथ्यावर फटाके लावणारा. निखाऱ्यावर बाटलीतले उरलेले घोटभर पाणी ओतले की आग विझली, असे त्याला मनापासून वाटते. आतला निखारा तासाभराने वाऱ्यावर पुन्हा फुलतो, तोवर हे महाशय घरी पोचून फोटो पाठवत असतात.

पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत माघापर्यंत कडकडीत वाळते. चढावर आग उताराच्या कितीतरी पट वेगाने धावते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. ज्यांना डोंगरात जायची हौस आहे त्यांना एवढे तरी माहीत असावे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने ट्रेकर मंडळींना गाठले आणि वीसहून अधिक जण गेले. तिथे आता वणव्याच्या हंगामात ट्रेकचे मार्ग बंद ठेवतात. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत ‘मूनलाइट ट्रेक’च्या जाहिराती येतात.

जळते ते ‘नुसते गवत’, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. टिटवी, रातवा ही पाखरे उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि त्यांचा हंगाम याच महिन्यांत असतो. टिटवी ओरडून आकाश डोक्यावर घेते, पण अंडी उचलून नेणे तिला जमत नाही. संस्थांनी आणि हौशी मंडळींनी वर पाण्याचे कॅन वाहून नेऊन जगवलेली रोपे एका दुपारी कोळसा होतात. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. पुढच्या जुलैत त्याच टेकडीवर मंत्रिमहोदय खड्ड्यात रोप ठेवतात आणि टाळ्या वाजतात.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आगीचा धोका आहे. उपग्रह आग टिपतो, वनकर्मचाऱ्याच्या फोनवर संदेश येतो. पण संदेश येतो तेव्हा आग लागून चुकलेली असते. जाळरेषा काढा, ब्लोअर द्या, हंगामी मजूर नेमा, सगळे करा. एका वनरक्षकाकडे किती डोंगर असतो ते एकदा नकाशावर बघा आणि मग गस्तीच्या गप्पा मारा. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण काडी टाकणारा सापडतो कुठे? त्याला ओळखतात फक्त त्याच्यासोबत बसलेले चार मित्र, आणि ते गप्प राहतात. मला खरा राग आहे तो या चौघांचा. त्यांनी हात धरला असता तर ना उपग्रह लागला असता ना वनरक्षक.

आणि हो, याच मंडळींचा स्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ती फक्त गणपतीपुरतीच आहे असा समज दिसतो. पवना धरणाच्या काठावर तंबूत झोपायला माणसे जातात आणि पहाटे दोनपर्यंत पाण्यावरून ढोल घुमवतात. पलीकडच्या काठावर धरणात जमिनी गेलेली माणसे राहतात, त्यांना सकाळी उठून कामाला जायचे असते.

शेवटी थोडे आपल्याबद्दल, संपादक महोदय. ज्या आठवड्यात आपण पहिल्या पानावर टेकडी जळाल्याबद्दल हळहळ व्यक्त केलीत, त्याच आठवड्याच्या रविवार पुरवणीत ‘उन्हाळी भटकंती’च्या लेखासोबत अर्धे पान भरून तंबू, चांदणे आणि पिवळ्या गवतात पेटवलेली शेकोटी होती. छायाचित्र सुंदर होते, वाद नाही. यापुढे असे छायाचित्र छापायचेच असेल तर त्याखाली वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक ठळक टाइपात छापा, आणि जाहिरात विभागाला सांगा की फेब्रुवारी ते मे या काळात ‘कॅम्पफायर’ लिहिलेली जाहिरात घ्यायची नाही. थोडे उत्पन्न बुडेल. ते बुडवायची आपली तयारी आहे का, एवढे याच सदरात कळवावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे