नवतपा आणि समाजधर्म

दरवर्षी २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. तेथपासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. येता आठवडा त्या नवतपाचा आहे. वेधशाळा आपला अंदाज नक्षत्रांवरून बांधत नाही, हे खरे. तथापि नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर पोहोचला तो दिवस २३ मे २०१३ हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे पूर्वजांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, याची साक्ष पटते. समुद्र दूर, आकाश निरभ्र, वायव्येकडून येणारे कोरडे तप्त वारे आणि मोसमी पाऊस अजून दोन-तीन आठवड्यांच्या अंतरावर, अशी या दिवसांतील विदर्भाची स्थिती असते.

आज विज्ञानाने या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, अथवा पारा थेट ४५ अंशांवर गेला, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चढत्या इशाऱ्यांतून ते धोक्याची पूर्वसूचना काही दिवस आधीच देते. प्रश्न उरतो तो इतकाच की, ही सूचना ऐकून वागण्याची मुभा कोणाला आहे?

‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका’ हा उपदेश योग्यच आहे. परंतु ज्याच्या घरात पंखा आणि कूलर आहे, तो हा उपदेश नसतानाही घरातच बसतो. वीटभट्टीवरील मजूर, इमारतीच्या माथ्यावर सळया बांधणारा कामगार, घरोघरी सामान पोहोचविणारा तरुण, गडचिरोली-गोंदियाच्या रानात तेंदूपाने वेचणारी वनवासी भगिनी, यांची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते. त्यांना सूचना कळत नाही असे नव्हे. ती पाळणे त्यांच्या हाती नाही. म्हणून उष्णतेच्या इशाऱ्याचा खरा श्रोता मजूर नसून, त्याला कामावर बोलावणारा आहे.

कामावर बोलावणारा, तसाच कार्यक्रमाला बोलावणाराही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. लक्षावधी श्रीसेवक शिस्तीने आणि श्रद्धेने बसून होते. त्यांतील चौदा जणांचा उष्माघाताने अंत झाला. त्या दिवशी पारा विदर्भाच्या मानाने काही फार चढलेला नव्हता. पण शरीर थंड राहते ते घाम वाळल्याने, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणूनच किनारी भागासाठी हवामान खात्याने ३७ अंशांची वेगळी मर्यादा ठरविली आहे. ज्या समाजाला आपल्या संघटनशक्तीचा अभिमान आहे, त्याने हा धडा विसरता कामा नये. अनुयायांची शिस्त जेवढी अधिक, तेवढी संयोजकांची जबाबदारी अधिक. कारण शिस्तबद्ध माणूस चक्कर येईपर्यंत जागचा उठत नाही.

उपाय आहेत आणि ते आपल्याच देशात सिद्ध झालेले आहेत. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यानंतर २०१३ साली त्या महापालिकेने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा सिद्ध केला. वेळेवर इशारा, वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, वस्त्यांतून जागृती, पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय हे त्याचे स्वरूप होते. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तीच वाट धरली. तथापि आराखडा शासनाचा असला, तरी सावली धरणारे हात समाजाचेच असावे लागतात.

हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करणारा हा समाज आहे. विदर्भाच्याच मातीतील संत गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न देण्यापाठोपाठ तहानलेल्याला पाणी देण्याचे कर्तव्य सांगितले. चौकाचौकांत लाल कापड गुंडाळलेल्या रांजणांची पाणपोई ही उन्हाळ्याची ओळख होती. आज त्या जागी पाणी बाटलीबंद होऊन विकले जाते, आणि थंड देशांच्या अनुकरणाने उभारलेल्या काचेच्या इमारती आपली उष्णता बाहेर रस्त्यावर सोडतात. त्या रस्त्यावर उभा असतो तो पंडित दीनदयाळजींच्या अंत्योदय विचारातील अखेरचा माणूस.

येत्या आठवड्यात प्रत्येक शाखेला, मंडळाला आणि देवस्थानाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. पाणपोई सुरू करावी आणि तिचा रांजण सायंकाळपर्यंत रिता होऊ देऊ नये. मंदिरांचे सभामंडप दुपारी कुलूपबंद न ठेवता वाटसरूंसाठी खुले करावेत. ठेकेदारांनी कामाची वेळ पहाटे आणि सायंकाळी ठेवावी आणि दुपारच्या विश्रांतीची मजुरी कापू नये. वरात, सभा वा शोभायात्रा उन्हे उतरल्यावरच निघावी. वस्तीत एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या दारावर दिवसातून दोनदा थाप पडावी. कोणी असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध पडला, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसताना मात्र तोंडात पाणी घालू नये.

तप या शब्दाला आपल्या परंपरेत मोठा अर्थ आहे. पण तप स्वेच्छेने करावयाचे असते. ज्याच्यावर ते दारिद्र्याने लादले आहे, त्याच्या माथ्यावर सावली धरणे हाच या नऊ दिवसांचा धर्म होय.