गुणवत्तेची रांग आणि पैशाची खिडकी

एम.बी.बी.एस. पूर्ण करून, वर्षभराची इंटर्नशिप आटोपून शल्यविशारद होऊ पाहणाऱ्या, पण गुणवत्ता यादीत वरचा क्रमांक न मिळालेल्या तरुण-तरुणींची मोठी फौज आज शहरोशहरीच्या अभ्यासिकांतून बसलेली आहे. ‘नीट-पीजी’चा पहिला प्रयत्न हुकला, दुसरा हुकला, आता तिसऱ्यांदा बसावे, की खासगी रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी धरून घरी पैसे पाठवावेत, हा त्यांच्यापुढील पेच. डॉक्टरकी म्हणजे सुखवस्तूंचा प्रांत, अशी चळवळीतील अनेकांची समजूत असल्याने या पेचाकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते जावयास हवे.

देशभर एकच परीक्षा आल्याने जुन्या वशिलेबाजीला काही प्रमाणात आळा बसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ही परीक्षा मोजते काय? प्रश्न २००, गुण ८००, सारे बहुपर्यायी. शस्त्रक्रिया ही हाताची, धीराची आणि दीर्घ उमेदवारीची विद्या. उमेदवाराने आयुष्यात एक टाका तरी नीट घातला आहे काय, हे येथे कोणी विचारीत नाही. उलट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्र-रात्र उभा राहून जखमा शिवणारा इंटर्न वाचनात मागे पडतो आणि हजेरीची ‘सोय’ लावून क्लासच्या चाचण्या सोडविणारा पुढे जातो. वैद्यकीय महाविद्यालयांतील हे उघड गुपित आहे. दोन लाखांच्या घरात उमेदवार आणि सर्व विषयांच्या, खासगी धरून, ७०,००० च्या आसपास जागा असल्यावर परीक्षेतील क्रमांक हा योग्यतेचा दाखला उरत नाही. तो रांगेतील टोकन होतो. स्पर्धा-परीक्षेतील गुणांत उमेदवाराच्या सामाजिक व आर्थिक अनुकूलतेचाही वाटा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांतील ओबीसी आरक्षण उचलून धरताना स्पष्टपणे मान्य केले आहे.

निदान ही रांग तरी सर्वांना सारखी असती! जून २०२२ मध्ये १,४५६ पदव्युत्तर जागा रिक्त असताना विशेष फेरी घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. केंद्राचाही या फेरीला विरोधच होता. शिक्षणाच्या दर्जाशी तडजोड नको, हे कारण. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच केंद्र सरकारने पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे परीक्षेत सर्वांत तळाला असलेलाही पात्र ठरला. दर्जाचा कैवार कोठे गेला? रिकाम्या राहणाऱ्या जागांत प्रयोगशाळेच्या विषयांच्या जागा बऱ्याच असतात, हे खरे. पण महागड्या खासगी जागाही त्यांत असतात. काही अभिमत विद्यापीठांत जनरल सर्जरीच्या तीन वर्षांची फी कोटीच्या घरात जाते. परिणाम असा, की वरच्या क्रमांकाचा शेतमजुराचा मुलगा अभ्यासिकेत परततो आणि त्याच्या कितीतरी मागचा धनिकपुत्र शस्त्रक्रियागृहात शिरतो. आरक्षणामुळे गुणवत्ता बुडते म्हणून गळा काढणारी मंडळी या वेळी कोठे असतात, हे शोधावेच लागेल.

आणि हे सारे कोणत्या देशात? ग्रामीण रुग्णालयाच्या, म्हणजे सामुदायिक आरोग्य केंद्राच्या, सरकारी निकषानुसार मैदानी भागात सुमारे १ लाख २० हजार आणि आदिवासी भागात ८० हजार लोकसंख्येमागे ३० खाटा व एक शल्यचिकित्सक हवा. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार या केंद्रांतील शल्यचिकित्सकांची तूट ८० टक्क्यांहून अधिक होती. अॅपेंडिक्स फुटलेल्या मजुराला त्यामुळे जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. एकीकडे शल्यविशारद होण्यासाठी ताटकळणारे डॉक्टर, दुसरीकडे शल्यविशारदाअभावी कुलूपबंद शस्त्रक्रियागृह, यांच्यामध्ये उभी आहे ती जागांची टंचाई. आणि ती निसर्गनिर्मित नव्हे. पदव्युत्तर जागा अध्यापक व खाटांच्या संख्येवर मंजूर होतात. शासन आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांची पदे रिक्त ठेवते, काही कंत्राटावर भरते, आणि मग सरकारी जागा वाढत नाहीत, ही तक्रार करते. सरकारी दार अरुंद राहिले, की खासगी खिडकीवरील दर आपोआप चढतो.

तेव्हा ‘कट-ऑफ’ खाली आणा वा वर न्या, या वादात विद्यार्थी संघटनांनी शक्ती खर्च करू नये. अध्यापकांची पदे कायमस्वरूपी भरा, जिल्हा रुग्णालयांत शल्यचिकित्सेच्या सरकारी जागा निर्माण करा, आणि ग्रामीण केंद्रांत काही वर्षे राबलेल्यांना त्यांत अग्रक्रम द्या, या मागण्या घेऊन त्यांनी उभे राहिले पाहिजे. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्येच मान्य केला आहे. राज्य सरकारला कायद्याची अडचण पुढे करण्यास जागा उरलेली नाही.