सूर्याला खळं पडलं, तर मुलांना वर्गात कोंडू नका



सूर्याभोवती गोल कडं दिसलं की पालकांच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. कुणी म्हणतं अपशकुन, कुणी म्हणतं घातक किरणं. २४ मे २०२१ रोजी बंगळुरूत असं कडं दिसलं, तेव्हा त्याचे फोटो देशभर फिरले. फोटो सगळ्यांनी पाहिले, पण कारण किती मुलांना कळलं?

मराठीत याला छान शब्द आहे, खळं. आकाशात खूप उंचावर, साधारण ६ किलोमीटरच्या वर, झिरझिरीत पडद्यासारखा पांढरा ढग पसरतो. त्यात बर्फाचे सहा बाजूंचे बारीक स्फटिक असतात. मुलं लगेच विचारतात, "बाई, इथे एवढं उकडतंय, मग बर्फ कुठून आला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. वर जाताना दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. कल्याणला ३६ अंश असले, तरी ९ किलोमीटरवर तापमान शून्याच्या बरंच खाली असतं.

या स्फटिकांतून जाताना सूर्यप्रकाश वळतो. तो कमीत कमी २२ अंशांनी वळतो आणि त्याच कोनाजवळ जास्त उजेड जमतो. म्हणून सूर्यापासून २२ अंशांवर वर्तुळ दिसतं. लाल रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून खळ्याची आतली कड तांबूस असते.

यात घातक काही नाही. धोका आहे तो सूर्याकडे थेट बघण्याचा, आणि तो रोजचाच आहे. पातळ ढगाने किंवा साध्या गॉगलने तो टळत नाही. म्हणून मुलांना इमारतीच्या सावलीत असं उभं करा, की सूर्य भिंतीआड पूर्ण झाकला जाईल आणि खळ्याचा भाग तेवढा दिसेल. आपल्या डोंबिवली-ठाण्यात इमारतींची काय कमी!

"खळं पडलं, आता पाऊस येणार," असं आजी म्हणाली तर हसू नका. पावसाच्या ढगांआधी असे उंच ढग कधी कधी येतात, नेहमी नाही. मुलांना वहीत तारीख लिहू द्या, पुढचे दोन दिवस पाऊस आला का तेही लिहू द्या. आजीचं म्हणणं किती वेळा खरं ठरलं, ते मुलंच सांगतील.

नुसतं "बघू नको" म्हटलं की मूल फक्त घाबरायला शिकतं. कसं बघायचं ते दाखवलं, तर परिसर अभ्यासाचा अख्खा पाठ शाळेच्या अंगणातच होतो.