फलकावरचे नियम आणि पुराचे पाणी

सप्टेंबर महिना उजाडला की कोल्हापुरात दोन प्रकारच्या सर्वसाधारण सभांना सुरुवात होते. पहिल्या प्रकारच्या सभा वृत्तपत्रांतून गाजतात. दूध संघ, साखर कारखाने आणि नागरी बँकांच्या या सभांना माणसे गाड्या भरून येतात आणि समर्थक व विरोधकांच्या घोषणांनी मंडप दणाणतो. २०१८ साली 'गोकुळ' बहुराज्य करण्याच्या प्रस्तावावरून झालेली सभा जिल्ह्याच्या अजून स्मरणात आहे. दुसऱ्या प्रकारच्या सभा इमारतीच्या पार्किंगमध्ये चार खुर्च्या मांडून होतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घेण्याचे कायद्याचे बंधन गृहनिर्माण संस्थांनाही आहे. पण त्या सभेची ना कोणाला उत्सुकता असते, ना धास्ती. सहकाराचे बाळकडू मिळालेल्या या जिल्ह्यात गृहनिर्माणाचा सहकार असा दुर्लक्षित राहावा, याचे आश्चर्य वाटते.

या छोट्या सभांतील विषय ठरलेले असतात. कोणाची मोटार कोणाच्या जागेत उभी राहते, भाडेकरू विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत गलका करतात, कुत्रा लिफ्टमधून नेऊ द्यावा की नाही, गॅलरीतून खाली पाणी कोण सांडते. मग जिन्याजवळच्या फलकावर एक नियमावली लागते आणि खाली सही असते 'आदेशावरून'. हा आदेश कोणाचा, त्याला आधार कोणत्या कायद्याचा, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला गेला, तर कित्येक इमारतींत एक अडचणीचे सत्य बाहेर येईल. आपली इमारत नेमक्या कोणत्या कायद्याखाली उभी आहे, हेच रहिवाशांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रात यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. पहिली १९६० च्या सहकारी संस्था कायद्याची. या वाटेने गेलेल्या इमारतीची संस्था नोंदवली जाते, जमीन व इमारत संस्थेच्या नावावर होते आणि सदनिकाधारक तिचे सभासद होतात. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी '१५४ ब' हे स्वतंत्र प्रकरणही आले. दुसरी वाट १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची. तिच्यात बिल्डर घोषणापत्र नोंदवतो, प्रत्येक सदनिकेचा जमिनीतील व सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरतो आणि प्रत्येकाने स्वतंत्र अपार्टमेंट खत करून घ्यायचे असते. बोलताना मात्र 'सोसायटी' आणि 'अपार्टमेंट' हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. फाटकावर 'अपार्टमेंट' लिहिलेले, पावतीवर 'सोसायटी' छापलेले आणि कपाटात फक्त खरेदीचा करारनामा, असा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. इमारत नवी असते, सर्वांचे बरे चाललेले असते, तोवर हा घोळ खपून जातो.

पंचगंगेने तो खपू दिला नाही. २००५ च्या महापुरानंतर १४ वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, शहराला पुन्हा वेढा पडला आणि दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, तेच घडले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. या दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, सुतारवाडा या भागांतून नावा फिरल्या. ज्या इमारतींना पाण्याने गाठले, तेथे तळमजल्यावरचे पार्किंग, मीटरची खोली, पाण्याची मोटार, जमिनीखालची टाकी आणि लिफ्टचा खड्डा हे सारे आधी बुडाले. तिसऱ्या मजल्यावरचे घर कोरडे होते, पण तेथे वीज नव्हती. २०१९ मध्ये महापालिकेची उपसा केंद्रेच पाण्याखाली गेल्याने नळही कोरडे होते.

पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्याचे काम कोल्हापूरकरांनी कोल्हापूरकरांच्या रीतीने केले, म्हणजे तालमी, मंडळे, शेजारीपाजारी सगळे एकत्र येऊन. खरा प्रश्न त्यानंतर निघतो. नवी मोटार, नवे मीटर, लिफ्टची दुरुस्ती यांचा खर्च कोणी सोसायचा? तळमजल्यावरचा म्हणतो, माझा संसार वाहून गेला, शिवाय मी लिफ्ट वापरतच नाही. वरचा म्हणतो, माझ्या घरात थेंबभर पाणी आले नाही. दोन खोल्यांच्या घरातले निवृत्त गृहस्थ म्हणतात, चार खोल्यांच्या घराइतकी वर्गणी मी का द्यावी? माणुसकीच्या नात्याने पाहिले, तर प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार पटते आणि म्हणूनच माणुसकीच्या भरवशावर हा वाद मिटत नाही.

कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. अडचण इतकीच, की दोन वाटांची उत्तरे वेगळी आहेत. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च ती असलेल्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान सोसायचा, कोणी ती वापरो वा न वापरो. सेवाशुल्कही समान. दुरुस्ती निधी मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. अपार्टमेंट कायद्यात हे तपशील नाहीत. तेथे सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा, एवढे एकच सूत्र आहे. मोठे घर, मोठी वर्गणी. पुण्यातील एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच सूत्र उचलून धरले. तेव्हा आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते, हा केवळ वकिलांच्या काथ्याकुटाचा विषय नाही. पुरानंतरच्या वर्गणीचा आकडा त्यावर ठरतो. आणि जेथे संस्था नोंदलेली नाही व अपार्टमेंट खतेही झालेली नाहीत, तेथे वर्गणी नाकारणाऱ्या रहिवाशासमोर हात जोडण्यापलीकडे फारसा उपाय उरत नाही. नोंदणीकृत संस्थेला थकबाकी वसुलीचा दाखला निबंधकांकडून मिळवता येतो. 'आदेशावरून' लावलेल्या फलकाला ते बळ नाही.

फलकावरील इतर नियमांविषयीही थोडे सांगणे भाग आहे. घर भाड्याने देण्यास संस्थेची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना लागते आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अर्थात, त्यामुळे मालकाला जिन्यातली घाण तशीच सोडण्याचा अधिकार मिळत नाही. स्टिल्ट पार्किंग ही बिल्डरने स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. तरीही 'मी पार्किंगचे वेगळे पैसे मोजलेत' हे वाक्य सभेत हमखास ऐकू येते. बिचाऱ्याने ते खरोखर मोजलेले असतात, हीच तर गंमत.

या साऱ्याच्या मुळाशी अभिहस्तांतरण, अर्थात कन्व्हेअन्स आहे. १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. बिल्डरांनी ती टाळली, तेव्हा सरकारने कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली. बिल्डर वा मूळ जमीनमालक सही करीत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून संस्थेला जमीन आपल्या नावे करून घेता येते. तथापि हेलपाटे आणि वर्गणी या दोन्हींच्या नावाने सभेत मौन पसरते.

हे मौन पूरपट्ट्यात सर्वाधिक महाग पडणार आहे. तेथील इमारतींनी तीन-तीन महापूर अंगावर घेतले आहेत आणि त्यांचे वयही वाढते आहे. उद्या पुनर्विकासाची वेळ आली, तर सहकारी संस्थांसाठी २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार ५१ टक्के संमती पुरे. पण जमीन अजून बिल्डरच्याच नावे असेल, तर संमती घेऊन करायचे काय? त्यातच निळी पूररेषा व लाल पूररेषा यांनुसार बांधकामाचे निर्बंध वेगळे. जुन्या जागी तेवढेच बांधकाम मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

तोवर निदान काही कामे यंदाच्या विषयपत्रिकेवर घेता येतील. मीटर व पाण्याची मोटार २०२१ च्या पाणीपातळीच्या वर नेणे हे त्यांतले पहिले. दुसरे विम्याचे. आदर्श उपविधी आग आणि भूकंप यांपासून विमा उतरवायला सांगतात, पंचगंगेच्या काठच्या संस्थेने त्यात पुराची जोखीम आहे का, हे आधी पाहावे. आणि घोषणापत्र असो वा नोंदणी प्रमाणपत्र, ते कपाटातून काढून सभेत एकदा मोठ्याने वाचावे. कुत्र्याचा विषय त्यानंतर घेता येईल.