काटा बसविला, मुद्रा राहिली

दुकानातील काटा बिघडला आणि कारागिराने तो उघडून पुन्हा जोडला, तरी व्यापारी त्यावर लगेच माल तोलीत नाही. वैधमापन निरीक्षकाची मुद्रा पडल्यावरच तो व्यवहारात येतो. दुरुस्ती वेगळी व पडताळणी वेगळी, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तोच माणूस हे विसरतो.

पेणजवळील रामवाडी मुंबई-गोवा महामार्गावर आहे. गणेशोत्सवात कोकणाकडे निघालेल्या वाहनांच्या गर्दीत एखाद्याचा बंपर पुढच्या गाडीस टेकला, तर नवल नाही. वरवर खर्च बंपरचा आणि रंगाचा दिसतो. परंतु अनेक नव्या गाड्यांत त्याच बंपरमागे किंवा जाळीमागे अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोलचे रडार असते. सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडून ते पुढील वाहनाचे अंतर व वेग मोजते. त्यानुसार गाडी आपला वेग कमी-जास्त करते.

हे मॉड्यूल काढणे तसे अवघड नाही. बॅटरी सुटी करावी, बंपर उतरवावा, वायरीचा जोड काढावा, कंसाचे स्क्रू सोडावेत. घालताना हाच क्रम उलटा. खरी मेख पुढे आहे. कंस किंचितही वाकलेला असेल, तर रडारची नजर तिरकी होते. एका अंशाची चूक १०० मीटरवर सुमारे पावणेदोन मीटर होते. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची. म्हणजे नजर अर्धी मार्गिका सरकली. मग शेजारच्या मार्गिकेतील ट्रक समोरचा वाटू शकतो आणि समोरचा सुटू शकतो.

म्हणून मॉड्यूल बसविल्यावर कॅलिब्रेशन आवश्यक असते. कंपनीच्या पद्धतीनुसार ते सपाट जागी ठराविक अंतरावर लक्ष्यफलक ठेवून, अथवा स्कॅनर जोडून सरळ रस्त्यावर गाडी चालवून होते. त्याआधी टायरमधील हवा व चाकांची अलाइनमेंट योग्य हवी. मॉड्यूल नवे असल्यास गाडीच्या संगणकात त्याची नोंदही करावी लागते.

‘आम्ही क्रूझ लावतच नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. अनेक गाड्यांत आपत्कालीन स्वयंचलित ब्रेकही याच रडारवर चालतो. फलकावर दिवा पेटला नाही, म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नव्हे.

तेव्हा विम्याचा सर्व्हेअर गाडी पाहावयास येईल, तेव्हाच कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात लिहून घ्यावा. गाडी ताब्यात घेताना बिलासोबत कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागावा व तो गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. अहवाल मिळत नसेल, तर गाडी घेण्याची घाई करू नये. काट्याची चूक गल्ल्यातून भरून निघते. या चुकीची भरपाई कोणत्याही खात्यातून होत नाही.