तात्या विंचूला आता कोण घाबरतं?

माझ्या भाचीच्या मोबाइलमध्ये तात्या विंचूचे स्टिकर आहेत. पेपर कठीण गेला की ती मैत्रिणींना त्यातला एक पाठवते. डोळे वटारलेला, भुवया वर चढलेल्या, हातात हत्यार. मैत्रिणी उलट हसणारे चेहरे पाठवतात. मी तिला म्हटलं, "याला बघून मी आठ दिवस एकटा संडासात गेलो नव्हतो." तिला ते खरंच वाटेना. "मामू, हा तर क्यूट आहे!"

क्यूट. एका खुनी गुंडाची तीस वर्षांची कमाई ही एवढी.

'झपाटलेला' १९९३ साली आला. आम्ही तो पाहिला वर्षभराने, पनवेलच्या मोहल्ल्यात, शेजारच्या चाचांच्या घरी. टीव्ही त्यांचा, केबल त्यांची, सतरंजी आमची. तेव्हा लोकलही पनवेलपर्यंत आली नव्हती. त्या काळात आमच्या घरी मुंबईहून आलेली मामी आणि तिची तीन मुलं राहत होती. दंगलीनंतर ती मुंबई सोडून आली होती. भीती म्हणजे काय हे सिनेमाने शिकवावं अशी त्या पोरांची परिस्थिती नव्हती. तरी तीही त्या बाहुल्याला आमच्याइतकीच घाबरली, आणि मजेत घाबरली. मला आता वाटतं, पडद्यावरची भीती ही त्या मुलांसाठी चैन होती. दोन-अडीच तासांनी संपणारी, टीव्हीचं बटण दाबलं की जाणारी. रात्री माझ्या धाकट्या बहिणीची प्लॅस्टिकची बाहुली अम्मीने गुपचूप माळ्यावर टाकली आणि दादीने सगळ्या पोरांवर आयतुल कुर्सी पढून फुंकर मारली. तेव्हा कुठे आम्ही झोपलो.

आता जे म्हणायचं आहे ते स्पष्ट म्हणतो. भीतीच्या सिनेमांची मालिका चालवणारे लोक प्रेक्षकाला मूर्ख समजतात. आणि 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाबद्दल जे ठरवलं जातंय ते तर मूर्ख समजण्याच्याही पलीकडचं आहे.

आधी मूळ सिनेमाला त्याचं श्रेय देऊ. तो उचललेला होता, हे काही गुपित नाही. १९८८ चा 'चाइल्ड्स प्ले', त्यातला चकी नावाचा बाहुला, मरता मरता वूडूचा मंत्र म्हणून आपला जीव बाहुल्यात घालणारा खुनी. महेश कोठारेंनी वूडू काढून बाबा चमत्कार आणला, मृत्युंजय मंत्र आणला, आणि ती गोष्ट आपल्याकडच्या गावात नेऊन ठेवली. उचलेगिरी म्हणा, पण बेत बरोबर बसला. कारण भीतीची खरी जागा त्यांनी ओळखली होती. त्या सिनेमात सुरा भीतिदायक नाही. बाहुला जिवंत आहे हे एकट्या लक्ष्याला ठाऊक आहे आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे भीतिदायक आहे. खरं बोलणाऱ्याला सगळं गाव वेडा ठरवतं. ज्याने कधी पोलिसासमोर किंवा साहेबासमोर खरं सांगून पाहिलंय, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

आणि बाहुला खरा होता. रामदास पाध्ये यांच्या हातचा, लाकूड-रबर-तारांचा, पापण्या मिटणारा, मान वळवणारा. त्याला वजन होतं. तो खोलीत असायचा. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. ज्या माणसाने चिमणराव केला, पुढे टिपऱ्यांचे आबा केले, त्याच माणसाच्या गळ्यातून तो घोगरा आवाज येतो, हेच मुळात अंगावर काटा आणणारं आहे.

मग २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला. थ्रीडी. चष्मे लावून पाहायचा. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले होते, म्हणून लक्ष्याच्या मुलाची गोष्ट. आदिनाथ कोठारे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे, सगळा ताफा होता. मी तो पैसे देऊन पाहिला. वस्तू अंगावर येत होत्या, भीती येत नव्हती. थिएटरात तात्या विंचू पहिल्यांदा दिसला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. ज्याला बघून टाळ्या वाजतात तो राक्षस राहत नाही, तो पाहुणा कलाकार होतो.

यात एकट्या कोठारेंचा दोष नाही. हा रोग जुना आहे आणि तो अमेरिकेत पुरता वाढलेला आहे. 'हॅलोविन' १९७८ चा. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून आणून पांढरा रंगवलेला. पैसा कमी, रक्त जवळजवळ नाहीच. भीती कशाची? मायकेल मायर्स या पोरीच्याच मागे का लागलाय याला काही कारणच नाही, याची. १९८१ च्या दुसऱ्या भागाने कारण दिलं. म्हणे ती त्याची बहीण! झालं. जी गोष्ट कोणाच्याही दाराशी येऊ शकत होती ती एका घरातली भानगड झाली. आपल्याला काय, आपण त्यांच्या नात्यातले थोडेच?

'फ्रायडे द थर्टीन्थ'ची तऱ्हा तर विनोदाच्या सदरात घालावी अशी. १९८० च्या पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. आज जगभर ओळखला जाणारा तो हॉकीचा मुखवटा जेसनला मिळाला तिसऱ्या भागात, आणि तो भागही थ्रीडीच होता, १९८२ चा. गोष्ट आटली की थ्रीडी, हा नियम आपल्याकडे येण्याच्या तीस वर्षं आधीचा आहे. १९८४ मध्ये 'शेवटचा अध्याय' आला, आणि १९८५ मध्ये 'नवी सुरुवात'! पुढे जेसन न्यूयॉर्कला गेला, नरकात गेला, शेवटी अंतराळातसुद्धा गेला. घाबरवायला मात्र परत आला नाही. आपल्या रामसे बंधूंनीही 'पुराना मंदिर'मधला सामरी १९८४ मध्ये चालला म्हणून लगेच पुढच्याच वर्षी त्याला थ्रीडीत उभा केला. चकीचं लग्न झालं १९९८ मध्ये, २००४ मध्ये त्याला पोर झालं. बाहुल्याचा संसार! तात्या विंचूचं अजून लग्न लागलेलं नाही, एवढं आपलं नशीब.

का होतं असं? माझ्या मते साधी गोष्ट आहे. भीती म्हणजे न कळणं. पहिल्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये बराच वेळ बाहुला हललेला आपल्याला नीट दिसतच नाही. मग आईच्या हातातल्या खोक्यातून बॅटऱ्या खाली पडतात. बाहुला इतके दिवस बोलत होता, आणि बॅटऱ्या खोक्यातच होत्या! तिथे मी आजही गार पडतो. पण हे एकदाच करता येतं. दुसऱ्या भागात प्रेक्षकाला बॅटऱ्यांचं माहीत असतं. मग दिग्दर्शक काय करतो? न कळणं परत आणता येत नाही, म्हणून रक्त वाढवतो, आवाज वाढवतो, नाहीतर जोक वाढवतो. निर्मात्याला त्याने फरक पडत नाही, कारण तो भीती विकतच नसतो. तो ओळख विकतो. नाव माहीत, चेहरा माहीत, तिकीट खपलं.

इथवर माझं भांडण जुनंच आहे आणि तसं निरुपद्रवी आहे. वाईट सिनेमा निघाला तर मी जाणार नाही, बस. पण तिसऱ्या भागाची घोषणा झाली आणि त्याबरोबर बातम्या आल्या की यात लक्ष्मीकांत बेर्डे यांना एआयच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार आहे. लोकांनी खाली बदाम टाकले. 'लक्ष्या परत येतोय.' मला मात्र ती बातमी वाचून, तीस वर्षांनी, तात्या विंचूची खरीखुरी भीती वाटली.

जरा विचार करा. या मालिकेची गोष्ट काय आहे? एक जण मेला आहे, पण त्याला मरायचं नाही. तो दुसऱ्याच्या देहात शिरायला बघतो. ज्या देहावर त्याचा डोळा आहे तो लक्ष्याचा आहे. पहिल्या भागात अडीच तास लक्ष्या त्यासाठीच झगडतो, की माझा देह माझा आहे, तो दुसऱ्या कोणाला वापरू देणार नाही. आणि तिसऱ्या भागात काय होणार? लक्ष्याचाच चेहरा, लक्ष्याचाच आवाज, आत दुसराच कोणी. तात्याला जे जमलं नाही ते संगणक करून दाखवणार. शिवाय त्या सिनेमात लक्ष्या स्वतः बोलक्या बाहुल्यांचा कलाकार होता. बाहुला मांडीवर, आवाज त्याचा. आता बाहुला तो, आणि मांडी कंपनीची.

लोक म्हणतील, ही श्रद्धांजली आहे. त्यांच्या मनात प्रेम आहे हे मी मानतो. कोठारे आणि बेर्डे यांनी 'धुमधडाका'पासून सोबत काम केलं, मित्राला पुन्हा बघावंसं वाटणं समजू शकतं. पण बेर्ड्यांची कला कशात होती? चेहऱ्यात? 'टूरटूर'पासून ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिलं त्यांना विचारा. ती होती वेळेत. समोरचा वाक्य संपवतोय तोच अर्धा श्वास आधी येणारं उत्तर, मध्येच अडखळणं, भीतीतून विनोदात आणि विनोदातून भीतीत एका पावलात जाणं. 'झपाटलेला' घाबरवतो त्याचं निम्मं कारण हे आहे की इतका हसवणारा माणूस घाबरलाय. ते त्या क्षणी जिवंत माणसाने घेतलेले निर्णय होते. यंत्र जुने निर्णय चाळून सरासरी काढेल. सरासरी काढलेला लक्ष्या!

परवानगीचा मुद्दा येतोच. घरच्यांनी हो म्हटलं तर? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात सांगितलं की माणसाच्या प्रतिमेवरचे असे हक्क त्याच्याबरोबरच संपतात, ते वारसांकडे जात नाहीत. त्याच वर्षी अनिल कपूरच्या चेहऱ्या-आवाजाला त्याच न्यायालयाने संरक्षण दिलं, पण तो जिवंत आहे, कोर्टात जाऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे मेलेला कलाकार हा बिनकुंपणाचा प्लॉट आहे. पनवेलमध्ये राहणाऱ्याला बिनकुंपणाच्या प्लॉटचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हॉलिवूडचे नट २०२३ मध्ये ११८ दिवस संपावर होते, आणि त्यांच्या भांडणात हाही एक मोठा मुद्दा होता, की आमची डिजिटल प्रत आमच्या संमतीशिवाय वापरायची नाही. तरीही २०२४ च्या 'एलियन : रोम्युलस'मध्ये २०२० साली वारलेले इयन होम यांचा चेहरा आणलाच. घरच्यांच्या संमतीने आणला. तो सिनेमा भीतीचा, मालिका १९७९ पासूनची. तोच रोग, पुढची पायरी.

मला हे एवढं का झोंबतं, तेही सांगतो. अब्बांच्या इंतकालानंतर वर्षभराने घरातल्या एका पोराने, अगदी चांगल्या मनाने, त्यांचा पासपोर्ट साइझ फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घातला. फोटो हलायला लागला. अब्बांनी पापण्या मिटल्या, मान वळवली, किंचित हसले. तो व्हिडिओ त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. 'माशाअल्लाह'चा पाऊस पडला. मी तो अम्मीला दाखवला. तिने एकदा पाहिलं. मग फोन पालथा घातला आणि म्हणाली, "हे तुझे अब्बा नाहीत. ते असे हसायचे नाहीत. पुसून टाक."

मय्यतीला गुसल देताना हात हळू लावतात, पडदा धरतात, जणू त्याला लाज वाटेल, त्याला दुखेल. मग मातीत देतात, आणि त्यानंतर त्याच्याकडून कसलंही काम घेत नाहीत. हिंदू घरात अग्नी देतात, अस्थी पाण्यात सोडतात. रीत वेगळी, पण मेलेल्याला सुट्टी देणं दोन्हीकडे आहे. बेर्ड्यांना ती मिळून वीस वर्षं झाली. आता त्यांना पुन्हा कॉल टाइम द्यायचा?

कोठारेंकडे दुसरा रस्ता होता आणि अजून आहे. लक्ष्या नाही, हीच तिसऱ्या भागाची गोष्ट होऊ शकते. ज्याला बाहुला जिवंत असल्याचं माहीत होतं तो एकमेव माणूस गेला, आणि आता सांगायला कोणी उरलं नाही. बघा, न कळणं परत आलं की नाही? त्यासाठी पाध्यांच्या घरचा तो लाकडी बाहुला पुरे आहे, आणि प्रभावळकरांचा आवाज. तो त्यांनी स्वतः, जिवंतपणी, माइकसमोर उभं राहून दिलेला असेल.

भाचीला मी परवा पहिला 'झपाटलेला' दाखवला, दिवे मालवून. सुरुवातीला ती मोबाइलवरच होती. मध्यावर मोबाइल बाजूला गेला. शेवटाकडे उशी छातीशी आली. रात्री तिने आपल्या आईला विचारलं, माळ्यावर काय काय ठेवलंय.